फ्लशची टाकी गळतेय? पाना हातात घेण्याआधी पेन्सिल घ्या

फ्लशची टाकी गळायला लागली की आतला अख्खा सेट बदलायचाच विषय निघतो. मी मात्र सगळ्यांना सांगते, आधी पाणी कुठून जातंय ते शोधा. बऱ्याचदा काम एका रबरी वॉशरवर भागतं.

झाकण दोन्ही हातांनी सरळ वर उचला आणि सपाट जागी ठेवा. भिंतीला टेकवून ठेवलं तर घसरून फुटायची भीती. बटण झाकणातच बसवलेलं असेल तर आधी ते सोडवावं लागतं, जोर लावून झाकण ओढू नका.

टाकी पूर्ण भरू द्या. पाणी जिथे थांबलंय तिथे आतून पेन्सिलीने रेघ मारा आणि अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी सोडणारा भिंतीवरचा नळ, बंद करा. अर्धा तास कुणी फ्लश करायचं नाही, घरात तसं बजावून ठेवा. पाणी रेघेच्या बरंच खाली गेलं आणि बाहेर सगळं कोरडं असेल, तर दोष तळाच्या फ्लश वाल्वचा, म्हणजे कमोडमध्ये पाणी सोडणाऱ्या झडपेचा. खात्री वाटत नसेल तर कॉक बंदच ठेवून टाकीत खायच्या रंगाचे थेंब टाका. फ्लश न करता कमोडमध्ये रंग उतरला की प्रश्न मिटला.

पाणी जागचं हललं नाही, पण कॉक उघडल्यावर कमोडमध्ये धार लागते? मग बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की येणारं पाणी बंद करणारा वाल्व, पाणी तोडत नाहीये आणि जादा पाणी ओव्हरफ्लो पाइपमधून वाहून जातंय. त्याचा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा भाग, हाताने वर उचलून बघा. पाणी थांबलं तर फ्लोटची उंची कमी करा. पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडापासून साधारण अडीच सेंटिमीटर खाली राहायला हवी. तरीही थांबलं नाही, तर बॉल कॉकमध्ये कचरा अडकलाय किंवा आतलं रबर गेलंय.

फ्लश वाल्वचं काम जरा निगुतीनं करायचं. कॉक बंद करून टाकी रिकामी करा. बटणाच्या टाकीत मधला उभा भाग बहुधा थोडासा फिरवला की सुटून वर येतो. त्याच्या बुडाशी गोल वॉशर असतो. तो काढून दोन्ही बाजूंनी बोट फिरवा. आमच्याकडचा वरून नवाकोरा दिसत होता. उलटा केला तर कडेला नखाएवढी खाच, आणि रबर पार निबर झालेलं. वॉशर जिथे टेकतो ती कडाही चाचपा. क्षाराची खरखर लागली तर व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसा. सुरीने अजिबात खरवडू नका, एक ओरखडाही पाणी सोडायला पुरतो. नवा वॉशर आणताना जुना सोबत न्या. आणि टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या वड्या बंद करा, त्यांनी रबर लवकर खराब होतं.

गळती बाहेरून असेल तर प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू लावून बघा, जिथे भिजेल तिथे दोष. अँगल कॉकपासून टाकीपर्यंत जाणाऱ्या कनेक्शन पाइपचं प्लॅस्टिकचं नट हाताने आवळा, वर पान्याने अगदी किंचित. तिथे पाणी अडवतो तो आतला वॉशर, त्यामुळे टेफ्लॉन टेप गुंडाळून उपयोग नाही. टाकी कमोडवर बसवलेली असेल तर खालचे बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. एकच बाजू दाबली तर चिनी माती तडकते. टाकीलाच चीर गेलेली दिसली तर सिलिकॉन भरत बसू नका, टाकीच बदला.