पाचोळ्यातली अनोळखी मुंगी ओळखावी कशी

गोव्यातल्या कुळागरात, म्हणजे पोफळींच्या बागेत, झाडांच्या मुळाशी साचलेला ओला पाचोळा मूठभर उचलून पांढऱ्या कापडावर पसरला, तर पहिली दोन मिनिटे त्यात काहीच हलताना दिसत नाही. मग मातीचा कण वाटलेले, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचे काहीतरी तपकिरी हळूच पाय उचलते. आंब्याची पाने जोडून घरटी करणारे हुमले शोधावे लागत नाहीत, ते स्वतःच आपल्याला शोधून काढतात; ही मुंगी मात्र धक्का लागताच पाय आखडून मेल्यासारखी पडून राहते आणि म्हणूनच वर्षानुवर्षे पायाखाली असूनही तिला गावात वेगळे नाव नसते. अशी मुंगी हाती लागल्यावर तिची ओळख कोणत्या क्रमाने आणि कुठवर पटवावी, याविषयी हे मार्गदर्शन आहे.

पाचोळा गोळा करण्यापूर्वी जागेची परवानगी घ्यावी. खाजगी कुळागर असेल तर भाटकाराची, म्हणजे बागेच्या मालकाची, संमती पुरते; मोले, बोंडला, खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई अशा संरक्षित क्षेत्रांत मात्र मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय एकही नमुना उचलू नये. पाचोळा साधारण एक सेंटिमीटर भोकांच्या चाळणीतून चाळावा आणि खाली पडलेला चुरा थोडा थोडा करून पांढऱ्या ताटात पाहावा. गूळ किंवा सुक्या बांगड्याचा तुकडा ठेवून पुष्कळ मुंग्या जमतात, पण जिवंत भक्ष्यावरच जगणाऱ्या मुंग्या अशा आमिषाकडे सहसा फिरकत नाहीत, त्यामुळे चाळणीला पर्याय नाही. मुंगी ओल्या ब्रशाच्या टोकाने उचलून अल्कोहोलच्या कुपीत टाकावी. पुढे डीएनए तपासण्याचा विचार असेल तर अल्कोहोल ९५ टक्क्यांचे असावे. स्थळ, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, मुंगी नेमकी कशात सापडली आणि कोणी गोळा केली, हे सारे पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी त्याच क्षणी कुपीत घालावी, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि घरी जाऊन लिहू म्हटलेली चिठ्ठी, माझ्या अनुभवाने, निम्म्या वेळा चुकीची लिहिली जाते.

नमुना भिंगाखाली घेतल्यावर तो मुंगीच आहे ना, हे आधी पाहावे. कोपरात वाकल्यासारखी शृंगिका (डोक्यावरची मिशी) आणि वक्ष व पोट यांच्यामध्ये स्पष्ट गाठ असलेली कंबर या दोन खुणा पुरेशा आहेत. वाळवीची शृंगिका मण्यांच्या माळेसारखी सरळ असते आणि तिला कंबर नसते. हुमल्यांची हुबेहूब नक्कल करणारा एक कोळीही आहे. तो पुढचे पाय शृंगिकांसारखे हवेत धरतो, पण पाय मोजले की आठ भरतात.

यानंतर उपकुळ, म्हणजे मुंग्यांच्या कुळातला मोठा गट. येथे रंग आणि लांबी पूर्णपणे विसरून कंबर आणि पोटाचे टोक एवढेच पाहावे. कंबरेत एकच गाठ असून पोटाच्या टोकाला केसांची झालर असलेले गोल छिद्र असेल, तर ती फॉर्मिसिनी. एक गाठ, नांगी नाही आणि छिद्राऐवजी आडवी चीर असेल, तर डॉलिकोडेरिनी. एक गाठ, नांगी आणि पोटाच्या पहिल्या-दुसऱ्या खंडांमध्ये बहुधा आवळल्यासारखी खाच असेल, तर पोनेरिनी. दोन गाठी दिसल्या की बहुतेक वेळा मुंगी मिर्मिसिनी उपकुळातील निघते, पण तेथे घाई करू नये. झाडांवर राहणाऱ्या, सडपातळ आणि मोठ्या डोळ्यांच्या टेट्रापोनेरा मुंग्यांनाही दोन गाठी असतात, आणि डोळेच नसलेल्या एनिक्टस या लष्करी मुंग्यांनाही असतात.

कुळागरातल्या आपल्या मुंगीला दोन गाठी आहेत. तिचे डोके पुढे निमुळते होत गेलेले आणि मागे बदामासारखे रुंद आहे, कंबरेभोवती स्पंजासारखे पांढुरके पदार्थ चिकटल्यागत दिसतात आणि शृंगिकेचे खंड मोजले तर सहाच भरतात. बहुसंख्य मुंग्यांत ही संख्या दहा ते बारा असते, त्यामुळे खंड मोजणे हे प्रजाती (अनेक जातींचा गट, इंग्रजीत genus) ठरवण्याचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. ढालीसारख्या वक्षाची केसाळ मेरानोप्लस तर नऊ खंडांवरूनच निम्मी ओळखता येते. चार ते सहा खंड आणि स्पंजासारखी कंबर या दोन्ही खुणा एकत्र आल्या की ती स्ट्रुमिजेनिस. जगभर आठशेहून अधिक जाती असलेली ही प्रजाती मुख्यतः स्प्रिंगटेल नावाच्या इवल्या उड्या मारणाऱ्या जिवांवर जगते. तिच्यातील लांब जबड्यांच्या जाती जबडे सापळ्यासारखे ताणून उघडे ठेवतात आणि भक्ष्याचा स्पर्श होताच ते क्षणार्धात मिटतात.

जातीपर्यंत पोचणे याहून बरेच अवघड आहे. नमुना वाळवून टाचणीला खोचलेल्या कागदाच्या त्रिकोणी पट्टीच्या टोकावर, मधल्या आणि मागच्या पायांच्या बुडांमध्ये, पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाच्या थेंबाने चिकटवावा, म्हणजे चेहरा, बाजू आणि पाठ मोकळी राहतात. मग किमान चाळीसपट मोठे दाखवणाऱ्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली जबड्यावर टोकाच्या अलीकडे किती दात आहेत, टोकाच्या काट्यामध्ये मधले बारीक दात आहेत का, शृंगिकेच्या पहिल्या लांब खंडावरचे केस टोकाकडे झुकलेले आहेत की बुडाकडे, वक्षाच्या खांद्यावर एखादा लांब केस उभा आहे का आणि वक्षाची बाजू गुळगुळीत आहे की जाळीदार, हे टिपावे. डोक्याची रुंदी, डोक्याची लांबी, जबड्याची लांबी आणि शृंगिकेच्या पहिल्या खंडाची लांबी मोजावी. रुंदीला शंभराने गुणून लांबीने भागले की डोक्याचा निर्देशांक मिळतो. डोके पुढून पाहताना त्याची पुढची आणि मागची कड एकाच वेळी स्पष्ट दिसत नसेल, तर ते तिरपे बसले आहे आणि त्यावरून काढलेला कोणताही आकडा निरुपयोगी आहे.

एका मुंगीवरून जात ठरवू नये. एकाच वारुळातल्या पाच-सहा कामकरी आणि मिळाल्यास राणीही पाहावी. फायडोले किंवा करेबारा मुंग्यांत थोरल्या आणि धाकट्या कामकरींच्या आकारात इतका फरक असतो की त्या एकाच आईच्या लेकी आहेत यावर विश्वास बसत नाही, आणि नवखा अभ्यासक त्यांना दोन जाती ठरवून मोकळा होतो.

टिपलेल्या खुणा ओळख-कोष्टकांशी, म्हणजे खुणांवरून जातीच्या नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यांशी, ताडताना जुनी नावे आडवी येतात. भारतीय मुंग्यांसाठी कीटकशास्त्रज्ञ बिंगहॅम यांचा १९०३ सालचा ग्रंथ आजही उघडावा लागतो, पण त्यातल्या कितीतरी जातींची प्रजाती पुढे बदलली आहे. फायडोलोजेटन २०१४ साली करेबारामध्ये विलीन झाली. शृंगिकेचे चारच खंड म्हणून क्वाड्रिस्ट्रूमा या वेगळ्या प्रजातीत ठेवलेली एमी (emmae) ही जात आता स्ट्रुमिजेनिसमध्येच गणली जाते. माणसांबरोबर जगभर पसरलेली ही जात बागेच्या मातीत सापडू शकते, म्हणून नवी जात सापडल्याचा आनंद करण्यापूर्वी आधी अशा भटक्या जाती वगळाव्यात. चालू नाव अँटकॅट या संकेतस्थळावर आणि नमुन्यांची छायाचित्रे अँटवेबवर पाहता येतात.

यानंतरही कोष्टक कुठेच जुळले नाही तर ‘स्ट्रुमिजेनिस, जाती १’ एवढेच लिहून थांबावे. ओढून-ताणून बसवलेल्या नावापेक्षा हे अधिक उपयोगी ठरते. नमुने पुण्याला आकुर्डी येथील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्रातील संग्रहाशी ताडून पाहावेत. जात खरोखर नवी निघाली तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार तिचा नमुना मान्यताप्राप्त संग्रहात जमा करणे बंधनकारक आहे. तोपर्यंत टाचणीवरचे नमुने सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवावेत आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला पेटी उघडून पाहावी, कारण गोव्याच्या पावसाळ्यात मुंगीच्या अंगावरचे केस कोणते आणि बुरशीचे तंतू कोणते, हे पंधरा दिवसांत सांगता येईनासे होते.