माळ्यावरचे मोडी रुमाल संशोधकापर्यंत कसे पोचवाल

गोव्याचं सरकारी दप्तर 1595पासून सांभाळलं जातंय; त्याचा पहिला रखवालदार दियोगु दु कोतु, स्वतः इतिहासकार. घरांतल्या कागदांना असा कोणी वाली नाही. फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी या नव्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या ताब्यात उशिरा आलेल्या भागातल्या, जुन्या घरांत मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, अजून निघतात. चवथीला सगळं गणगोत जमतं, तेव्हाच पेटी उघडा. कुठला आजोबा कुणाचा, हे सांगणारी माणसं समोरच असतात.

रुमाल सोडण्याआधी, बांधलेला असतानाच एक फोटो घ्या. कुठल्या कागदाला लागून कुठला होता, हीसुद्धा माहितीच. तारीखवार लावायचा मोह आवरा. खिडकीजवळ बसा, फ्लॅश बंद, शेजारी फूटपट्टी. पाठही टिपा, कोरी दिसली तरी. घडी ताठरली असेल तर उलगडायची जबरदस्ती नको, आणि सेलोटेप तर नकोच नको. फोटो व्हॉट्सॲपवर फिरवले की बारीक अक्षराची रया जाते, केबलनेच उतरवा.

आता खरं काम. मी ग्रंथालयात नोकरी केलेली, म्हणून स्पष्ट सांगते: नोंद नसलेला फोटो हरवल्यातच जमा. ट्रोपी हे मोफत सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात इतिहास अभ्यासकांसाठी सुरू झालं. एका पत्राचे चार फोटो त्यात एकाच नोंदीखाली बांधता येतात. फाइलच्या नावात पेटी, रुमाल, पान आणि बाजू एवढंच, रोमन लिपीत. तारीख कागदावर आहे तशी लिहा, शेजारी इसवी सन. शकात 78 मिळवायचे. माघ-फाल्गुनातला कागद असेल तर 79. गावाचं नाव मात्र सगळ्या रूपांत द्या. साखळी पोर्तुगीज कागदात ‘सांकेली’ होते, आणि शोधणारा त्याच नावाने शोधेल.

मोडीला 2014मध्ये युनिकोड मिळालं, तरी लिप्यंतर मी बाळबोधीतच, म्हणजे देवनागरीतच करते, वाचणारे जास्त. यंत्राकडून वाचून घ्यायचं तर ट्रान्सक्रिबस हे हस्तलिखितं वाचणारं सॉफ्टवेअर आहे, पण त्याला शिकवायला आधी साधारण 5,000 ते 15,000 शब्द हाताने बिनचूक लिहून द्यावे लागतात. एका घराच्या दोन रुमालांसाठी हा खटाटोप नको. चारपाच घरं एकत्र आली तर जरूर करा.

घोडं अडतं ते परवानगीपाशी. मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा), कुळ, वाटणी असले शब्द दिसले की घरातले गप्प होतात, आणि ते बरोबरही आहे. कोर्टात चालू असलेल्या दाव्यात असा कागद कुणाच्याही हाती लागू शकतो. ते वेगळ्या फोल्डरात काढा. बाकीच्यांसाठी घरातल्या थोरांकडून लेखी होकार घ्या, तोंडी नको.

मग झेनोडो, म्हणजे संशोधनाच्या फाइली ठेवायचं ऑनलाइन भांडार. जिनिव्हाजवळची सर्न ही भौतिकशास्त्राची संशोधन संस्था ते चालवते, पैसे लागत नाहीत, एका नोंदीत 50 जीबीपर्यंत मावतं. प्रत्येक नोंदीला डीओआय म्हणजे कायमचा क्रमांक मिळतो, तो प्रबंधाच्या तळटीपेत देता येतो. वादातल्या कागदांची वर्णनं उघडी आणि फाइली बंद, अशीही सोय आहे. वर्णन मराठीत सविस्तर लिहा, खाली इंग्रजीत चार ओळी. लिस्बनमध्ये बसलेला अभ्यासक काही मराठी टंकून तुमचा रुमाल शोधणार नाही.