नेक हाताला जड लागते? पाना उचलण्याआधी मोजा

जीव लावलेली इलेक्ट्रिक गिटार पावसाळ्यात अचानक परक्यासारखी वागते. मे महिन्यात लोण्यासारखी वाजणारी नेक (तारांखालचा लांब दांडा) जुलैत बोटं सोलते, नाहीतर मधल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या काड्यांपैकी एकीवर) तार खरखरते. दमट हवेत लाकूड फुगतं आणि नेकचा बाक बदलतो. तो कुठल्या बाजूला बदलेल हे प्रत्येक नेकचं वेगळं, म्हणून अंदाजपंचे काही फिरवू नका.

आधी नेहमीच्या तारा नेहमीच्या सुरात लावा. सहा तारा मिळून नेकला सुमारे ४५ किलोने ओढत असतात; तारा ढिल्या ठेवून घेतलेलं माप कुचकामी. गिटार मांडीवर घ्या, वाजवताना धरता तशीच. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, सर्वांत जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट पाहा. गॅरेजवाले वापरतात तो फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच) इथे चालतो. फ्रेट बसवलेल्या पट्टीची गोलाई साडेनऊ इंच असलेल्या स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) गिटारला ही फट ०.२५ मिमीच्या आसपास हवी. गेज नसेल तर साधं व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा. तार जराही न हलता ते आरपार गेलं, तर बाक जास्त आहे.

आता ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली, तिचा बाक सांभाळणारी धातूची कांब. पान्याने उजवीकडे फिरवला की नेक सरळ होते, डावीकडे फिरवला की बाक वाढतो. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सुरात लावा, मोजा, आणि शक्यतो रात्रभर तशीच राहू द्या. लाकूड सावकाश बसतं. लेस पॉल गिटारमध्ये रॉडचं तोंड खुंट्या असलेल्या डोक्याकडच्या छोट्या झाकणाखाली सापडतं. १९५४ साली आलेल्या पहिल्या स्ट्रॅटमध्ये मात्र ते बॉडीच्या बाजूला होतं, त्यामुळे जुन्या धर्तीच्या गिटारची नेक त्यासाठी काढावी लागते. रॉड घट्ट वाटला तर जोर लावू नका, कारागिराकडे न्या. मी एकदा १/८ इंचाच्या खाचेत ३ मिमीचा पाना घातला होता. बसल्यासारखा वाटला. दुसऱ्या झटक्याला आतल्या कडा गुळगुळीत झाल्या, आणि पुढे खिशाचं जे झालं ते सांगण्यासारखं नाही.

तारांची उंची यानंतरच ब्रिजवर (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथे) लावायची. हा क्रम उलटा केला तर दोन्ही कामं पुन्हा करावी लागतात. सतराव्या फ्रेटवर १.६ मिमी ही चांगली सुरुवात. सव्वासात इंच गोलाईच्या जुन्या नेकला थोडी जास्त द्या: पट्टी मध्यावर फुगीर असल्यामुळे वरच्या फ्रेटवर तार वाकवली की ती पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर गुदमरतो. सगळं नीट असूनही फक्त पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड छळत असेल, तर डोक्याकडच्या तारांच्या खाचा उंच आहेत. घरच्या कानशीने त्यांच्या वाटेला जाऊ नका.

हाताला जाणवणारं निम्मं सुख स्वच्छतेत असतं. पट्टी शिसवी असेल (आजोबांच्या कपाटाचं तेच लाकूड) तर मळ काढून तेलाचे दोन थेंब चोळा आणि लगेच पुसा. मेपलच्या पट्टीवर लॅकर असतं; तिला तेल नको, किंचित ओलं फडकं पुरे. नेकची पाठ घामाने चिकटत असेल तर आधी नुसती पुसून बघा. बारीक स्टील वूल फिरवल्यावर चमक जाते आणि हात सरसर फिरतो, पण त्याचा चुरा पिकअपच्या (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाच्या) चुंबकांना चिकटतो, म्हणून ते मास्किंग टेपने झाकून घ्या. आणि मूळ पॉलिश असलेल्या जुन्या, मौल्यवान गिटारला तर वूल लावूच नका. गेलेलं पॉलिश परत येत नाही, किंमतही पडते.

फ्रेटची टोकं कडेला टोचू लागली, तर लाकूड आटलं आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात किंवा दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीत हे होतंच. ती घासायची घाई करू नका. पावसाळ्यात लाकूड फुगू द्या, मग हात फिरवून बघा.