जुने गेम नवीन विंडोजवर चालवायचे असतील तर

सांगलीत विश्रामबागच्या कॅफेत तासावर बसून ज्यांनी डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शिया खेळलंय त्यांच्यासाठी हे. लगा, डॉसचे (विंडोजच्या आधीच्या जुन्या सिस्टिमचे) गेम ६४ बिट विंडोजवर डायरेक्ट चालतच नाहीत, १६ बिटचा सपोर्टच नाही त्यात, त्यामुळं कंपॅटिबिलिटी मोडचे ऑप्शन बदलत बसू नका, डॉसबॉक्स टाका (डॉसची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे) आणि गेमची ईएक्सई फाइल उचलून डॉसबॉक्सच्या आयकॉनवर सोडा, झालं. गेम सुसाट पळायला लागला तर कंट्रोल एफ ११ दाबत जा, स्पीड उतरतो. लईच स्लो वाटला तर कंट्रोल एफ १२. फुल स्क्रीनला ऑल्ट एंटर.

विंडोज ९५-९८ च्या काळातल्या गेमचं जरा वेगळं आहे. आधी गेम प्रोग्राम फाइल्समधून बाहेर काढून साध्या फोल्डरमध्ये ठेवा, नायतर सेव्ह करताना परमिशनची कटकट होते. मग गेमच्या ईएक्सईवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथं जुनं विंडोज निवडा. तरी कलर विचित्र किंवा स्क्रीन काळी येत असेल तर डीजीवूडू २ वापरा, ते जुन्या डायरेक्टएक्सचं काम नवीन ग्राफिक्स कार्डला समजेल असं करून देतं, त्यातल्या एमएस फोल्डरमधल्या एक्स ८६ च्या डीएलएल फाइली गेमच्या ईएक्सईशेजारी टाकायच्या एवढंच.

ओरिजिनल सीडी असूनही गेम उघडत नसेल तर बहुतेक सेफडिस्क (सीडीची कॉपी रोखणारं प्रोटेक्शन) असणार, त्याचा ड्रायव्हर विंडोज १० पासून चालत नाही. अशा वेळी जीओजीवर (जुने गेम विकणारी साइट) तोच गेम सेलमध्ये बघा, डोकं खाण्यापेक्षा परवडतं.