गाण्यामागचा किस्सा खरा की रचलेला, हे असं तपासा

जुन्या गाण्याचा किस्सा हाती आला की आधी तीन गोष्टी वेगळ्या काढा: आवाज कोणाचा, ध्वनिमुद्रण कधीचं आणि आपण ऐकतोय ती आवृत्ती कोणती. बहुतेक किस्से तिसऱ्या प्रश्नावर कोसळतात.

सुरुवात ग्रामोफोन तबकडीच्या लेबलपासून करा, पण छापलेलं नाव गाणाऱ्याचंच असेल असं धरू नका. 'महल' (१९४९) मधल्या 'आएगा आनेवाला'च्या पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं. ते मधुबालाच्या पात्राचं नाव, गळा लता मंगेशकरांचा. तेव्हा असं पात्राचं नाव छापलं जाई, म्हणून अनोळखी गायिका दिसली की चित्रपटाची पात्रयादी बघा. संगीतकारांचंही तसंच: 'साधी माणसं'चे 'आनंदघन' म्हणजे लताबाईच.

लेबलच्या कडेला गुळगुळीत पट्ट्यात मॅट्रिक्स क्रमांक (त्या मुद्रणाचा ओळख-क्रमांक) कोरलेला असतो, तो टिपून घ्या. पुनर्मुद्रणात लेबल आणि कंपनीच्या यादीतला क्रमांक बदलतो. मूळ मुद्रण तेच असेल तर हा सहसा बदलत नाही. संगीताच्या अ‍ॅपवर दिसणारं वर्ष मात्र पुष्कळदा डिजिटल प्रकाशनाचं असतं, त्यावर विसंबू नका.

तबकडी अगदी शेवटपर्यंत ऐका. १९०२ पासूनच्या मुद्रणांत गायिका गौहर जान गाणं संपवून 'माय नेम इज गौहर जान' म्हणते, ती ऐट नव्हे. छपाई जर्मनीत हॅनोव्हरला होई आणि तिथल्या कारागिरांना आवाज ओळखता यावा म्हणून नाव सांगितलं जाई. डिजिटल प्रत करताना कोणी शेवट छाटला, तर हा पुरावाच जातो.

'कडवं सेन्सॉरनं कापलं' असं ऐकलंत तर घड्याळ लावा. दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. पडद्यावरचं गाणं त्याहून लांब असेल, तर कडवं बहुधा जागेअभावी गेलंय.

पट्टीचे, म्हणजे गाण्याचा मूळ स्वर कोणता याचे, दावे सर्वांत फसवे. वेग सहा टक्के वाढला की गाणं अर्ध्या स्वरानं चढतं. हार्मोनियमच्या पांढरी चारमधलं गाणं शेजारच्या काळी तीनमध्ये ऐकू येतं. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, आपला दूरदर्शन २५ चौकटींचा. टीव्हीवरून उतरवलेल्या प्रतीत निव्वळ या फरकानं चार टक्के वेग वाढू शकतो. म्हणून दोन वेगळ्या स्रोतांच्या प्रती हार्मोनियमवर ताडून पाहिल्याशिवाय 'त्या अमुक पट्टीत गायल्या' असं लिहू नका.

'पहिल्यांदा कोण गायलं' हे ठरवताना रेडिओ आणि तबकडी वेगळी धरा. 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ला सुरू झालं. त्यातली ५६ गीतं माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशा अनेकांनी वाटून गायली. घरोघरी वाजलेल्या एचएमव्हीच्या तबकड्यांवर मात्र एकटे सुधीर फडके (बाबूजी) आहेत. सीतेचं गीत बाबूजींच्या आवाजात कानात बसलंय, म्हणून रेडिओवरही तेच गायले असं लिहिलंत, तर ते रेडिओवर गाणाऱ्या माणिकताईंचं श्रेय पुसलं जातं.