व्हॅलोरंटमध्ये खेळ सुधारायचा कसा: क्रॉसहेअर, पावले आणि मरणांची वही

रायट गेम्सचा व्हॅलोरंट हा पाच विरुद्ध पाच खेळाडूंचा नेमबाजीचा खेळ 2 जून 2020 रोजी सर्वांसाठी खुला झाला. तो विकत घ्यावा लागत नाही, त्याचे सर्व्हर मुंबईत आहेत आणि साधारण संगणकावरही तो बऱ्यापैकी चालतो. त्यामुळे महाराष्ट्रातल्या वसतिगृहांत आणि गेमिंग कॅफेंत तो खेळणारी मुले-मुली सहज भेटतात. त्यांतले पुष्कळ जण आयर्न, ब्राँझ किंवा सिल्व्हर या श्रेणींत महिनोन्महिने अडकून पडतात आणि आपला हात संथ आहे, अशी स्वतःची समजूत करून घेतात. माझीही दीड वर्ष तीच समजूत होती. पुढे स्वतःच्या खेळाचे चित्रण पाहू लागल्यावर कळले, की बहुतेक झुंजी मी गोळी सुटण्याआधीच हरत होतो. हा लेख त्या आधीच्या क्षणांविषयी आहे.

प्रथम एक हिशेब पाहू. पूर्ण चिलखत घेतलेल्या खेळाडूकडे 100 आरोग्य आणि 50 चिलखत, असे 150 गुण असतात. व्हँडल या बंदुकीची डोक्यात लागलेली एक गोळी कोणत्याही अंतरावरून 160 गुण घेते. अंगावर लागलेली गोळी मात्र 40 च घेते. म्हणजे डोक्याला एक गोळी पुरते, तर अंगाला चार लागतात. व्हँडल सेकंदाला 9.75 गोळ्या झाडते, तेव्हा पहिल्या गोळीपासून चौथ्या गोळीपर्यंत सुमारे 0.3 सेकंद जातो. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत सामान्य माणसाला 0.2 ते 0.25 सेकंद लागतो, हे लक्षात घेतले तर ज्याचा क्रॉसहेअर, म्हणजे पडद्याच्या मध्यावरची नेम धरायची खूण, आधीपासून डोक्याच्या उंचीवर आहे त्याला केवढी आघाडी मिळते, ते ध्यानात येईल. ही आघाडी चपळाईने भरून काढता येत नाही.

पायरी पहिली: सेन्सिटिव्हिटी एकदा ठरवावी आणि मग तिला हात लावू नये

माउसचा डीपीआय (एक इंच सरकल्यावर माउस किती मोजण्या नोंदवतो तो आकडा) आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी (माउसच्या हालचालीमागे दृष्टी किती वळते ते ठरवणारा आकडा) यांचा गुणाकार 200 ते 400 च्या दरम्यान ठेवावा. व्यावसायिक खेळाडूंपैकी बहुतेकांचा आकडा याच पट्ट्यात असतो. समजा, डीपीआय 800 आणि सेन्सिटिव्हिटी 0.4 घेतली, तर गुणाकार 320 होतो. व्हॅलोरंटमध्ये सेन्सिटिव्हिटी 1 असताना माउसच्या एका मोजणीमागे दृष्टी 0.07 अंशाने वळते. त्या हिशेबाने 320 वर माउस एक इंच सरकला की आपण 22.4 अंश वळतो आणि पूर्ण गिरकी घ्यायला सुमारे 41 सेंटिमीटर लागतात. म्हणून माउसपॅड निदान 40–45 सेंटिमीटर रुंद असावा आणि कीबोर्ड थोडा तिरका सरकवून हाताला जागा करून द्यावी. काउंटर-स्ट्राइक या दुसऱ्या नेमबाजीच्या खेळातून आलेल्यांनी तिथल्या आकड्याला 3.18 ने भागावे, म्हणजे जुनी सवय जशीच्या तशी कामी येते.

ठरवलेला आकडा किमान दोन महिने बदलू नये. वाईट गेलेल्या संध्याकाळी आकड्याला दोष देण्याचा मोह होतो. पण आकडा बदलला की हाताने कमावलेली सगळी मोजमापे पुसली जातात.

पायरी दुसरी: क्रॉसहेअर कुठे ठेवावा

नवखा खेळाडू चालताना जमिनीकडे किंवा भिंतीच्या मधोमध पाहतो, कारण रोजच्या आयुष्यात आपण तसेच चालतो. शत्रू दिसला की त्याला माउस आधी वर आणि मग बाजूला न्यावा लागतो, आणि या दोन हालचालींत झुंज संपलेली असते. क्रॉसहेअर कायम डोक्याच्या उंचीवर आणि शत्रू जिथून पहिल्यांदा दिसेल त्या कडेपाशी ठेवावा. कडेला अगदी चिकटवू नये. धावत बाहेर येणारा खेळाडू चिकटवलेला क्रॉसहेअर ओलांडून पुढे जातो, म्हणून किंचित मोकळी जागा सोडावी.

व्हेनिसवर बेतलेल्या अ‍ॅसेंट या नकाशाचे उदाहरण घेऊ. हल्ला करणारा संघ ए मेन या वाटेतून ए साइटवर, म्हणजे स्पाइक हा बॉम्ब लावायच्या जागी, बाहेर पडतो तेव्हा रक्षक साधारणपणे जनरेटरपाशी, डाइसच्या आडोशाला किंवा वरच्या हेवनमध्ये असतो. अनेक जण साइटच्या मोकळ्या मध्यावर क्रॉसहेअर ठेवून बाहेर पडतात आणि मग तिन्हींपैकी एकाही जागेसाठी तयार नसतात. त्याऐवजी ए मेनच्या तोंडाशी क्षणभर थांबावे, पहिल्यांदा उघडी पडणारी जागा ठरवावी, क्रॉसहेअर तिच्यावर आधीच न्यावा आणि मगच एक पाऊल टाकावे. ती जागा रिकामी दिसली की पुढच्या पावलाआधी पुढच्या जागेकडे वळावे. हेवन उंचावर असल्यामुळे तिथे क्रॉसहेअर मुद्दाम वर उचलावा लागतो. सपाट जागेची उंची अंगवळणी पडली की नेमके हेच विसरले जाते. धूर टाकून हेवन झाकले असेल तर एक जागा कमी तपासावी लागते. स्मोकचा खरा उपयोग हा आहे, की एका वेळी पाहायच्या जागा तो कमी करतो.

याची तालीम एकट्यानेच करावी. कस्टम गेम उघडून रिकाम्या नकाशावर दहा मिनिटे फिरावे, प्रत्येक कोपऱ्यापाशी थांबून 'इथे डोके कुठे असेल' असे स्वतःला विचारावे आणि पेटीची कड, खिडकीची चौकट किंवा भिंतीवरची रेघ अशी एखादी खूण लक्षात ठेवावी. हे काम कंटाळवाणे वाटते, पण माझ्या अनुभवात इतक्या थोड्या वेळात इतका फायदा दुसऱ्या कशानेही झाला नाही.

पायरी तिसरी: आधी पाय थांबवावेत, मग गोळी झाडावी

या खेळात धावताना झाडलेली गोळी क्रॉसहेअर जिथे आहे तिथे जात नाही, ती इतस्ततः फेकली जाते. उजवीकडे सरकताना डी दाबलेले असेल तर ते सोडून क्षणभर ए दाबावे. शरीर स्थिर होते आणि त्याच क्षणी पहिली गोळी सोडावी. व्हॅलोरंटमध्ये नुसते बटण सोडले तरी खेळाडू लवकर थांबतो, त्यामुळे उलट बटणाचा फायदा थोडाच असतो; तरीही ती सवय चांगली, कारण थांबणे आणि दुसऱ्या दिशेला निघणे यांत खंड पडत नाही.

आपण खरोखर थांबतो की नाही, हे कळण्यासाठी क्रॉसहेअरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'मूव्हमेंट एरर' चालू करावे. मग धावताना क्रॉसहेअरच्या रेघा फाकतात आणि थांबल्यावर मिटतात. जाणती मंडळी हे बंद ठेवतात, पण शिकणाऱ्याने पहिले तीन-चार आठवडे ते चालूच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सराव मैदानात म्हणजे द रेंजमध्ये डावी-उजवीकडे हलणारे बॉट (संगणकाने चालवलेली पात्रे) लावावेत आणि 'सरक, थांब, एक गोळी, सरक' ही लय घोटावी. किती बॉट पडले ते मोजू नये; रेघा मिटण्याआधी किती गोळ्या सुटल्या ते मोजावे आणि तो आकडा शून्यावर आणावा.

अंतराचाही विचार हवा. लांबच्या शत्रूवर एक-दोन गोळ्या झाडून जागा बदलावी, मध्यम अंतरावर तीन-चार गोळ्यांचा झोत पुरतो आणि अगदी जवळ असेल तेव्हाच ट्रिगर दाबून धरावा. दाबून धरल्यावर बंदूक आधी वर आणि मग आडवी भरकटते, म्हणून माउस हळूहळू खाली ओढावा लागतो.

पायरी चौथी: कोपऱ्यातून डोकावताना

कोपऱ्याला खेटून उभे राहू नये. एकाच कोपऱ्याच्या दोन बाजूंना दोन खेळाडू असतील तर कोपऱ्यापासून जो लांब आहे त्याला समोरचा आधी दिसतो. खेटून उभा असलेल्याचा खांदा त्याच्या डोळ्यांआधी बाहेर पडतो. शिवाय नेटवर्कच्या विलंबामुळे बाहेर येणाऱ्याला थांबून बसलेल्यापेक्षा क्षणभर आधी दिसते. त्यामुळे एकाच जागी दबा धरून बसणे वाटते तितके सुरक्षित नसते, आणि एकाला टिपल्यावर तर जागा बदलावीच.

केवळ माहिती हवी असेल तर खांदा दाखवून लगेच मागे यावे. झुंज घ्यायची असेल तर ठाम मनाने, पुरेसे बाहेर यावे. अर्धे बाहेर येऊन घुटमळणे सर्वांत महागात पडते.

पायरी पाचवी: मरणांची वही

वर सांगितलेले सगळे सर्वांना एकाच क्रमाने लागू पडत नाही. आपले दुखणे कोणते, ते शोधण्यासाठी ओबीएससारख्या मोफत सॉफ्टवेअरने एक सामना चित्रित करावा. दुसऱ्या दिवशी, मन शांत असताना, फक्त आपण मेलो ते प्रसंग पाहावेत आणि प्रत्येकापुढे वहीत एक ओळ लिहावी. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: 'राउंड 7, अ‍ॅसेंट, ए मेन. हातात फँटम. स्मोक विरण्याआधी धावत बाहेर. जनरेटरपाशी शत्रू दिसला, पाय न थांबवता सहा गोळ्या. सोबती मार्केटमध्ये, बदला घेणारे कोणी नाही. कारण: पाय, दुसरे कारण: एकटा.'

कारणांसाठी सहा शब्द पुरतात: क्रॉसहेअर, पाय, जागा, माहिती, एकटा, पैसे. 'समोरचा चांगला होता' हा सातवा शब्द वहीत ठेवू नये. कधी कधी ते खरे असते, पण त्यावर आपल्याला काही करता येत नाही. पहिल्या वीस नोंदींपैकी माझ्या अकरांपुढे 'पाय' असे होते. तोवर मी महिनोन्महिने नेमबाजीचे व्यायाम करत होतो. चार-पाच सामन्यांनंतर जो शब्द सर्वांत जास्त वेळा आला असेल, तोच पुढच्या दोन आठवड्यांचा अभ्यास समजावा आणि बाकीच्या चुकांकडे तेवढे दिवस काणाडोळा करावा. एका वेळी सहा गोष्टी सुधारायला गेल्यास एकही धड सुधारत नाही.

कान, पैसा आणि स्पाइक

हेडफोन लावून सेटिंग्जमध्ये एचआरटीएफ ही आवाजाची दिशा जाणवून देणारी सोय चालू करावी आणि संगणकातली दुसरी कृत्रिम सराउंड सोय असल्यास ती बंद ठेवावी, म्हणजे पावलांची दिशा नीट कळते. धावताना मिनीमॅपवर (पडद्यावरच्या छोट्या नकाशावर) आपल्याभोवती उमटणारे वर्तुळ आपल्या पावलांचा आवाज कुठवर जातो ते दाखवते. शत्रू त्या वर्तुळात असण्याची शक्यता असेल तर शिफ्ट दाबून चालावे.

पैशाचा हिशेब संघाने मिळून ठेवावा. पहिला राउंड हरल्यावर 1900 क्रेडिट मिळतात आणि लागोपाठ दुसरा हरल्यावर 2400. म्हणजे दुसऱ्या राउंडमध्ये काहीच न घेतल्यास तिसऱ्याला किमान 4300 हाती असतात. त्यात 2900 ची व्हँडल आणि 1000 चे पूर्ण चिलखत घेऊन 400 उरतात. पण दुसऱ्या राउंडला 800 ची शेरीफ (पिस्तूल) घेतली तर 3500 च राहतात आणि पूर्ण खरेदी हुकते. एकाने बचत आणि चौघांनी खरेदी, किंवा याउलट, असे झाले की दोन्ही राउंड वाया जातात. खरेदीच्या पडद्यावर पुढच्या राउंडला किमान किती मिळतील, हा आकडा दिसतो. त्याच्याकडे पाहिल्याशिवाय काही विकत घेऊ नये.

स्पाइक लावायला 4 सेकंद लागतात, लावल्यापासून 45 सेकंदांनी तो फुटतो आणि निकामी करायला 7 सेकंद लागतात. निम्मे काम, म्हणजे साडेतीन सेकंद झाले असतील तर मध्येच सोडले तरी तेवढी प्रगती टिकते. म्हणून स्पाइक लागल्यावर हल्लेखोरांनी घाईने शत्रू शोधत फिरू नये. वेळ त्यांच्या बाजूने असतो; रक्षकांना कधीतरी स्पाइकपाशी यावेच लागते.

सोबत्यांशी बोलणे

मुंबई सर्व्हरवर अनोळखी सोबत्यांशी बोलणे बहुधा हिंदी-इंग्रजी मिसळूनच होते. भाषा कोणतीही असो, जागा, संख्या आणि झालेली इजा एवढेच सांगावे: 'बी मेन, दो, एक को 120'. मेल्यानंतर ही माहिती एका दमात द्यावी आणि मग गप्प राहावे. शेवटचा उरलेला खेळाडू पावलांची चाहूल घेत असतो. आपल्या बोलण्यात त्याला ती ऐकू येत नाही. कोणी शिवीगाळ करत असेल तर उत्तर न देता त्याला म्यूट करावे. पुढे जाताना सोबत्यापासून फार लांब राहू नये, म्हणजे एक पडला तरी दुसऱ्याला लगेच बदला घेता येतो. खेळाडू याला ट्रेड म्हणतात.

रोजचा वेळ कसा वाटावा

नोकरी किंवा अभ्यास सांभाळून रोज दीड-दोन तास मिळत असतील तर दहा-पंधरा मिनिटे द रेंज, एक डेथमॅच (प्रत्येक जण इतर सगळ्यांविरुद्ध खेळतो तो प्रकार) आणि मग दोन स्पर्धात्मक सामने पुरेत. डेथमॅचमध्ये आपला क्रमांक पाहू नये. त्या दिवसाचा वहीतला शब्द 'पाय' असेल तर केवळ पायांकडे लक्ष द्यावे, मग शेवटचा क्रमांक आला तरी चालेल. एजंट, म्हणजे खेळातली पात्रे, दोनच निवडावेत, एक आवडीचा आणि दुसरा संघाला स्मोक देणारा. ब्रिमस्टोन त्यासाठी सोपा आहे: तो नकाशावर बोट ठेवून तीन स्मोक टाकतो आणि ते सुमारे 19 सेकंद टिकतात.

लागोपाठ दोन सामने हरल्यास त्या दिवशी स्पर्धात्मक खेळ थांबवावा, कारण तिसरा सामना बहुतेक वेळा रागाने खेळला जातो. मनगट किंवा कोपर दुखू लागले तर त्याच क्षणी उठावे. दुखऱ्या हाताने केलेल्या सरावात चुकीची पकड पक्की होते. श्रेणी रोज पाहू नये. दर दोन आठवड्यांनी वही उघडून जुना शब्द किती वेळा आला ते मोजावे. अकराचे चार झाले असतील तर दुसरा शब्द हाती घ्यावा आणि अकराचे दहाच झाले असतील तर पुन्हा द रेंजमध्ये जाऊन पहिल्या बॉटपासून सुरुवात करावी.