टिनमधला मका आणि ताटातला भात: तुलना करायची तर अशी करा

आहाराचा सल्ला घ्यायला येणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी मला छाती फुगवून सांगतंच, "मॅडम, भात बंद! आता टिनमधला स्वीट कॉर्न." मकाही धान्यच, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात नसतं. असो. हा बदल फायद्याचा आहे का, ते घरच्या घरी काढता येतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर, एवढं पुरे.

आधी भात. बहुतेकांची गाडी इथेच घसरते, कारण तांदळाच्या पाकिटावरचे आकडे कच्च्या तांदळाचे असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांतही कच्च्याचेच आहेत, आणि तिथे ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, ४.१८ ने भागलं की कॅलरी मिळतात. १०० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात साधारण ३५६ कॅलरी, ८ ग्रॅम प्रथिनं, ७८ ग्रॅम कर्बोदकं आणि २.८ ग्रॅम तंतू. हे आकडे थेट टिनशेजारी मांडले, की भात बिचारा उगाच बदनाम होतो. म्हणून १०० ग्रॅम तांदूळ कुकरला लावा आणि झालेला भात तोला. माझ्याकडे मऊ भात २८० ग्रॅमच्या आसपास भरतो, मोकळा केला तर कमी. सगळ्या आकड्यांना २.८ ने भागा. १०० ग्रॅम भाताच्या वाट्याला १२७ कॅलरी, २८ ग्रॅम कर्बोदकं, २.८ ग्रॅम प्रथिनं आणि १ ग्रॅम तंतू येतात. मीठ घातलं नसेल तर सोडियम जवळपास शून्य. वेळून केलेल्या भाताला हा हिशेब तंतोतंत लागू होत नाही. थोडा स्टार्च आणि काही ब जीवनसत्त्वं पेजेत उतरतात. पेज पिऊन टाकलीत तर प्रश्नच मिटला.

आता टिन. त्यावर दोन वजनं असू शकतात: एकूण, आणि पाणी निथळल्यावरचं. पोटात जातं ते दुसरं. पोषणाचा तक्ता यांपैकी कशाचा आहे तेही बघा. निथळलेल्या १०० ग्रॅम मक्यात साधारण ७५ कॅलरी, १४ ग्रॅम कर्बोदकं, २.३ ग्रॅम प्रथिनं, २ ग्रॅम तंतू आणि २०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. टिनप्रमाणे यात फरक पडतो, तेव्हा तुमच्या हातातल्या टिनचेच आकडे घ्या. परदेशातल्या वाचकांनो, तिकडच्या लेबलवर सोडियमऐवजी मीठ लिहिलेलं असेल तर त्याला २.५ ने भागा.

पण १०० ग्रॅमला १०० ग्रॅम ही तुलनाही मला अर्धवट वाटते. भात सोडलेला माणूस भुकेपोटी आख्खा टिन संपवतो. २४० ग्रॅम मका म्हणजे १८० कॅलरी, आणि दीडशे ग्रॅम भात म्हणजे १९०. वाचलं काय? तंतू मात्र मक्यात जवळजवळ ५ ग्रॅम, भातात दीडच. उलट मक्यातून सुमारे ५०० मिलिग्रॅम सोडियम पोटात गेलं, म्हणजे दिवसाच्या २००० मिलिग्रॅमच्या मर्यादेतला पाव हिस्सा. रक्तदाब असेल तर ही रांग आधी वाचा. मका चाळणीत ओतून नळाखाली खळखळून धुतला तर मीठ थोडं कमी होतं, सगळं जात नाही.

पाण्याच्या घोळातून पुरतं सुटायचं असेल तर १०० कॅलरीमागे काय मिळतं ते काढा: घटकाला कॅलरींनी भागा, १०० ने गुणा. भाताला ०.८ ग्रॅम तंतू, मक्याला २.७. यासाठी काहीच तोलावं लागत नाही, पाकिटावरचे कच्चे आकडेही चालतात. ज्वारीचं करून बघा: १०० ग्रॅम कच्च्या ज्वारीत ३३४ कॅलरी आणि १०.२ ग्रॅम तंतू, म्हणजे १०० कॅलरीमागे ३ ग्रॅम. मक्यापेक्षा किंचित जास्तच, आणि मीठ आपल्या हातात.